घराच्या सामानावरील हिरवी खूण : ती वाचावी कशी?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच रूढ केलेली नाही. दोन्ही कामांत आयुष्याची पुंजी खर्ची पडते आणि दोन्हींत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. पूर्वी घराच्या कामात हा शब्द गवंड्याचा, सुताराचा, चुनेवाल्याचा असे. आज सिमेंटच्या पोत्यावर, रंगाच्या डब्यावर, प्लायवुडच्या तक्त्यावर किंवा पंख्याच्या खोक्यावर छापलेली एखादी खूण तो शब्द देते. कुठे हिरवे पान, कुठे पृथ्वीचा गोल, कुठे तारे, तर कुठे नुसतेच 'इको' किंवा 'ग्रीन' हे अक्षर. दुकानदार त्या खुणेवर बोट ठेवून सांगतो की हा माल पर्यावरणाला हितकारक आहे, चार पैसे जास्त पडतील इतकेच. घेणारा मान डोलावतो. त्या खुणेचा अर्थ मात्र पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसतो.

धार आणि देवास येथील आपल्या सभासद कुटुंबांपैकी कितीतरी घरांत आज बांधकामाचा विचार चालू आहे. कुणाला आजोबांचा वाडा दुरुस्त करावयाचा आहे, कुणाला मुलासाठी वरची माडी चढवावयाची आहे, कुणी गावाबाहेर प्लॉट घेतला आहे. अशा वेळी या हिरव्या खुणांचा अर्थ समजावून घेणे हे केवळ हौसेचे काम नव्हे. त्यात घरातील लेकराबाळांचे आरोग्य आहे, गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे, आणि अर्थात खिशाचाही आहे. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने हा पाठ वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ओळखीची जागा शिक्क्याने घेतली

वास्तुशास्त्राचा विचार धारच्या मंडळींना परका नाही. अकराव्या शतकातील भोजराजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ नगररचना, घरे, देवळे आणि यंत्रे यांचा विचार करणारा आहे. जमिनीची परीक्षा कशी करावी, लाकूड कसे निवडावे, हे प्रश्न त्या काळीही घर बांधणाऱ्यापुढे होतेच. फरक एवढाच की त्या वेळी जमीन, दगड, चुना आणि लाकूड ही सारी मंडळी डोळ्यांसमोरची होती. माळव्याच्या पठारावरचा काळा पाषाण जवळच्या खाणीतून येई. चुना भट्टीवर जाऊन पाहता येई. वीट कुणी भाजली, तिची माती कोणत्या शेताची, हे गावाला माहीत असे. माल वाईट निघाला तर विकणाऱ्याला बाजाराच्या दिवशी तोंड दाखवावे लागे. ही ओळख हेच त्या काळचे प्रमाणपत्र होते.

आता फरशी गुजरातेतून येते, प्लायवुडचे लाकूड परदेशातून येते, आणि रंगातील द्रव्ये कोणकोणत्या कारखान्यांतून फिरून आली हे रंगवाल्यालाही सांगता येत नाही. ओळख तुटली, तिच्या जागी शिक्का आला. शिक्का वाईट नव्हे. मात्र अनोळखी पाहुणा दाराशी आला म्हणजे आपण त्याला जे तीन प्रश्न विचारतो, तेच शिक्क्यालाही विचारावयास हवेत. तू कोण? तुला कुणी पाठविले? आणि तू स्वतः काय पाहून आलास? या तीन प्रश्नांत आमच्या पाठाचे सार आहे.

इमारतीचे मानांकन वेगळे, मालाचे वेगळे

पहिला गोंधळ येथेच होतो. काही पद्धती संपूर्ण इमारतीला गुण देतात, काही केवळ एका वस्तूला. दोन्हींचे नाव 'ग्रीन' असल्यामुळे दोन्ही एकच वाटतात.

इमारतींना गुण देण्याची पहिली मोठी पद्धत १९९० साली इंग्लंडात निघाली. तिचे नाव ब्रीअम. पुढे अमेरिकेत १९९३ साली स्थापन झालेल्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने लीड ही पद्धत काढली. आपल्याकडे भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना केली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या इमारतीला २००३ साली लीडचे प्लॅटिनम हे सर्वोच्च मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर ते मिळविणारी ती पहिली इमारत होय. पुढच्या वर्षी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

दुसरी देशी पद्धत म्हणजे गृह. टेरी ही संस्था आणि केंद्र सरकारचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ती सिद्ध केली आणि २००७ साली सरकारने तिचा स्वीकार केला. तिच्यात एक ते पाच तारे असतात. २०१५ च्या आवृत्तीप्रमाणे शंभरापैकी २५ गुणांना एक तारा मिळतो आणि ८६ च्या पुढे गेल्यास पाच. दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन हे पाच तारे मिळविणाऱ्या इमारतींपैकी एक. अडीच हजार चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी 'स्वगृह' नावाची सुटसुटीत पद्धतही आहे.

एकाच देशात दोन पद्धती कशा, असा प्रश्न कुणी विचारील. देवासकरांना याचे नवल वाटू नये. १९४८ पर्यंत एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. दोघांचे दरबार वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, पण टेकडी एक. तसेच येथे आहे. एक पद्धत उद्योगांच्या अंगणात वाढली, दुसरी सरकार आणि संशोधन यांच्या. दोघींचे नियम वेगळे असले तरी दोघीही पाणी, ऊर्जा, सामान, जागा आणि आतील हवा यांचाच हिशेब पाहतात.

आता महत्त्वाची गोष्ट. लीड किंवा गृह या पद्धती विटेला, रंगाला किंवा काचेला मानांकन देत नाहीत. त्या इमारतीला देतात. "आमची फरशी लीड सर्टिफाइड आहे" असे कुणी म्हणाले तर तो एकतर अजाण आहे किंवा आपल्याला अजाण समजतो. ती फरशी वापरल्याने इमारतीला एखाद-दुसरा गुण मिळण्यास मदत होईल, इतकेच त्याला म्हणता येईल. एका विद्यार्थ्याची वही चांगली म्हणून तो परीक्षेत पहिला येत नाही, तसे हे आहे.

वस्तूवरील खुणा : तीन जाती

वस्तूंवरील पर्यावरणविषयक खुणांची विभागणी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तीन प्रकारांत केली आहे. ती लक्षात ठेवली तर दुकानातील निम्मा गोंधळ मिटतो.

पहिला प्रकार तिऱ्हाइताच्या शिक्क्याचा. वस्तू करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. नियम आधीच जाहीर केलेले असतात, आणि कच्च्या मालापासून टाकून देईपर्यंतच्या अनेक बाजू पाहून शिक्का दिला जातो. उद्योग महासंघाच्या हैदराबाद येथील केंद्राची ग्रीनप्रो ही खूण या जातीची. केंद्र सरकारने १९९१ साली काढलेला इकोमार्कही याच जातीचा. त्याचे चिन्ह मोठे बोलके होते : मातीचे मडके. मातीतून घडणारे, उपयोग संपला की मातीत मिळणारे, आणि करताना फारसा विषारी कचरा न टाकणारे. मात्र ही खूण घेण्यास फार थोडे उत्पादक पुढे आले. २०२४ साली सरकारने नवे इकोमार्क नियम काढून ही योजना पुन्हा उभी केली आहे.

दुसरा प्रकार स्वतःच्या तोंडाने केलेल्या स्तुतीचा. कारखानदार स्वतःच सांगतो की या वस्तूत इतका माल पुनर्वापराचा आहे, किंवा हिला इतके कमी पाणी लागले. हा प्रकार खोटाच असतो असे नव्हे. आकडा दिला असेल आणि तो तपासता येत असेल, तर त्याला किंमत आहे. पण नुसते 'निसर्गस्नेही' असे लिहून पान काढले असेल, तर त्या पानाला झाडही नाही आणि मूळही नाही.

तिसरा प्रकार पुष्कळांना ठाऊक नसतो. त्याला पर्यावरणीय उत्पादन घोषणा म्हणतात. तो शिक्का नव्हे, जमाखर्चाची वही होय. वस्तू तयार होईपर्यंत किती ऊर्जा लागली, किती कर्बवायू हवेत गेला, किती पाणी खर्च झाले, याचे आकडे ठरलेल्या रीतीने मांडून दुसऱ्याकडून तपासून घेतात. आकडे चांगले असोत वा वाईट, ते छापावे लागतात. म्हणून एखाद्या मालाला अशी घोषणा आहे एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. दोन मालांच्या वह्या शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात, तरच तिचा उपयोग.

याखेरीज दोन ओळखीच्या खुणा आहेत. आय.एस.आय.ची खूण वस्तूचा दर्जा सांगते, तिचा हिरवेपणा सांगत नाही. आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे वापरताना वीज किती खाणार हे सांगतात, वस्तू करताना किती धूर निघाला हे सांगत नाहीत. शिक्का जे पाहून आला नाही, ते त्याच्या तोंडी घालू नये.

पहिले उदाहरण : सिमेंटचे पोते

धार जिल्ह्यात मनावरच्या बाजूस सिमेंटचा मोठा कारखाना आहे, तेव्हा हा विषय आपल्या दाराशीच आहे असे म्हणावयास हरकत नाही. सिमेंट करताना चुनखडी भाजतात. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. हा वायू कोळशाचा नव्हे, दगडाच्या पोटातला. कोळसा कितीही वाचविला तरी तो निघणारच. त्यात भट्टीचे तापमान सुमारे १४५० अंश सेल्सिअस, त्या इंधनाचा वायू निराळा. ढोबळ हिशेबाने साध्या पोर्टलँड सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे ४० किलोच्या आसपास कर्बवायू निघतो.

यावर उपाय असा की भाजलेल्या मालाचा, म्हणजे क्लिंकरचा, काही भाग काढून त्या जागी औष्णिक वीज केंद्राची राख घालावी. असे सिमेंट पोझोलाना सिमेंट, म्हणजेच पी.पी.सी., या नावाने मिळते. भारतीय मानक आय.एस. १४८९ प्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के राख चालते. ३० टक्के राख असलेल्या पोत्याचा हिशेब ४० वरून २७ किलोच्या जवळपास येतो. एक तृतीयांश बचत, आणि तीही बहुधा जास्त पैसे न मोजता. आपल्या बाजूला खंडवा जिल्ह्यातील श्री सिंगाजी केंद्रासारखी मोठी वीज केंद्रे असल्याने राखेचा तुटवडा नाही. राखेच्या विटांचेही तेच. भट्टीच्या विटेसाठी शेताची वरची माती खरवडावी लागते, राखेच्या विटेसाठी ती लागत नाही.

म्हणजे घर बांधणाऱ्याला करता येण्याजोगी एक मोठी हिरवी निवड कोणत्याही हिरव्या पानाशिवाय, साध्या पोत्यावरील बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचण्याची सवय मात्र हवी.

पण येथेच एक अट आहे, आणि ती माळव्यात विसरून चालणार नाही. राखेच्या सिमेंटला बळ हळूहळू येते. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. ४५६) साध्या सिमेंटच्या कामावर निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या कामावर निदान १० दिवस पाणी मारावयाचे, हवा कोरडी व उष्ण असेल तर १० आणि १४ दिवस करणे इष्ट. वैशाखात स्लॅब टाकला आणि पाचव्या दिवशी टँकर संपला, तर सिमेंट कितीही हिरवे असो, स्लॅबला तडे जाणारच. मग दुरुस्तीसाठी पुन्हा सिमेंट आणि पुन्हा पाणी. यास्तव असे काम पावसाळ्यानंतर, विहिरीला पाणी असताना काढावे. कोणताही शिक्का ही गोष्ट सांगत नाही, कारण शिक्का कारखान्याच्या फाटकाशी थांबतो आणि घर त्याच्या पुढे सुरू होते.

दुसरे उदाहरण : रंग आणि प्लायवुड

हवामानाचा प्रश्न दूरचा वाटणाऱ्यांनाही हा प्रश्न जवळचा वाटेल, कारण तो पाळण्याशेजारच्या भिंतीचा आहे. रंगाला तेज आणि टिकाऊपणा यावा म्हणून त्यात पूर्वी शिशाची द्रव्ये सर्रास घालीत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. केंद्र सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविली, आणि हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा डब्यावर शिशाविषयीचा उल्लेख पाहून घ्यावा. तो उल्लेख म्हणजे काही विशेष गुण नव्हे, कायद्याने बांधलेली किमान मर्यादा आहे. हीच मर्यादा मोठ्या अक्षरांत छापून कुणी जादा पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

जुन्या वाड्यांच्या बाबतीत एक सूचना अगत्याने करावीशी वाटते. दारे, खिडक्या आणि कठडे यांवर जुन्या तैलरंगाचे पाच-सहा थर असतात. ते कोरड्या पॉलिश कागदाने घासले म्हणजे त्यातील शिसे धूळ होऊन घरभर पसरते. घासायचे झाल्यास पृष्ठभाग ओला करूनच घासावा, त्या दिवशी मुलांना व गर्भवतींना दुसरीकडे ठेवावे, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. यास खर्च काहीच नाही.

प्लायवुडमध्ये लाकडाचे पापुद्रे चिकटविण्यासाठी जो डिंक वापरतात, त्यातून फॉर्मॅल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू बाहेर पडतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे ही त्याची साधी लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. तक्त्यावर ई-१ किंवा ई-० अशी खूण असेल तर हा वायू ठरावीक मर्यादेत आहे असा तिचा अर्थ. शून्याची श्रेणी अधिक चांगली. १९९३ साली स्थापन झालेल्या एफ.एस.सी. या संघटनेची झाडाची खूण वेगळी. ती लाकूड कोणत्या जंगलातून, कसे तोडून आणले हे सांगते, डिंकाविषयी काही सांगत नाही. जंगल राखून केलेल्या तक्त्यातून घरात वायू निघू शकतो, आणि वायू न सोडणाऱ्या तक्त्यासाठी जंगल उजाड झालेले असू शकते. दोन खुणांना दोन प्रश्न विचारावे लागतात ते असे.

तिसरे उदाहरण : पंखा

छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी २०२३ च्या जानेवारीपासून सक्तीची झाली आहे. जुन्या घाटणीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या बी.एल.डी.सी. जातीचा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस पंखा चालला तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. घरात पाच पंखे असतील तर पाचांनी गुणावे, आणि मग आपल्या बिलातील दराने. येणारा आकडा पाहून निर्णय घेणे प्रत्येकाच्या हाती आहे. मात्र पट्टीवरील वर्षे अवश्य वाचावीत. नियम काही वर्षांनी कडक होतात, आणि मागच्या खेपेचे पाच तारे पुढच्या खेपेस कमी भरतात.

चौथे उदाहरण : शिक्का नसलेली देवासची गाळणी

आता अशी वस्तू घेऊ की जिच्यावर कसलाच हिरवा शिक्का नव्हता, आणि तरीही जिने देवासचे नाव देशभर नेले.

माळव्याची ख्याती पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी. त्याच माळव्यातील देवास शहराला १९९० साली इंदुराहून आगगाडीने पाणी आणावे लागले. कारखाने वाढले, वस्ती वाढली, कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि जमिनीच्या पोटातले पाणी आटले. पुढे जिल्हा प्रशासनाने भूजल पुनर्भरणाची मोहीम हाती घेतली. त्या वेळचे जिल्हाधिकारी मोहन राव आणि ग्रामीण अभियांत्रिकी सेवेतील अभियंते यांनी एक साधी गाळणी तयार केली. १४० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मीटर लांबीची पी.व्ही.सी.ची नळी, तिच्यात तीन कप्पे. पहिल्यात २ ते ६ मिलिमीटरची बारीक खडी, दुसऱ्यात ६ ते १२ ची, तिसऱ्यात १२ ते २० ची, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी. छपरावरचे पावसाचे पाणी या नळीतून गाळून घरच्याच कूपनलिकेत सोडायचे. त्या काळी तिची किंमत अवघी ६०० रुपयांच्या घरात होती. 'देवास फिल्टर' या नावाने ती पुढे सर्वत्र ओळखली जाऊ लागली.

हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. १०० चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाचा ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९० हजार लिटर. त्यातील पाचवा भाग वाया गेला असे मानले तरी ७२ हजार लिटर उरतात. पाच माणसांच्या घरात दररोज ५०० लिटर पाणी लागत असेल, तर हे पाणी १४४ दिवसांचे, म्हणजे जवळजवळ पावणेपाच महिन्यांचे झाले.

ही कल्पना आपल्या मुलुखात नवी नाही. धारपासून पस्तीसएक किलोमीटरवर मांडवगडचा जहाजमहाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मध्ये उभा आहे. तेथील गच्चीवर दगडात कोरलेल्या वळणावळणाच्या पन्हळी आजही पाहता येतात. पाणी वळणे घेत जाई, वेग मंदावे, गाळ मागे राही, आणि निवळलेले पाणी कुंडात उतरे. गच्चीला पाणी मोजण्याची जाण होती, तिला कुणी तारे दिले नव्हते.

पण या गाळणीचाही आंधळा अभिमान नको. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडून द्यावे, कारण त्यात छपरावरची घाण असते. खडी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढून धुवावी. गच्चीवर रंगाचे डबे, औषधे, तेलकट सामान ठेवू नये. गाळणी गाळ अडविते, विष अडवीत नाही. घाण पाणी कूपनलिकेत गेले तर ते एका घराचे राहात नाही, सगळ्या आळीचे होते.

वस्तूचा शेवट आणि वाड्याचा पुनर्जन्म

वस्तू कोठून आली हे जसे विचारावयाचे, तसे ती शेवटी कोठे जाणार हेही विचारावे. धार जिल्ह्यातील मंडळींना याचा अनुभव ताजा आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८४ साली दुर्घटना झाली. त्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षे तसाच पडून राहिला आणि २०२५ च्या जानेवारीत पीथमपुरास आणला गेला. लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयापुढे गेले, आणि अखेर त्याच वर्षी तो तेथे जाळण्यात आला. कचरा नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी गावाला जातो, हा धडा त्यातून घ्यावयाचा. बांधकामाचा राडारोडाही याला अपवाद नाही.

म्हणूनच जुना वाडा असणाऱ्यांना आमचे सांगणे असे की पाडण्यापूर्वी एकदा मोजणी करा. सागवानी तुळया, खांब, जोत्याचे घडीव दगड, जुन्या विटा यांसाठी लागणारी ऊर्जा आपल्या पणजोबांच्या काळीच खर्च होऊन गेली आहे. आज जागच्या जागी वापरलेली तुळई कोणत्याही शिक्क्याच्या नव्या मालापेक्षा हिरवी ठरेल. मानांकनाच्या पद्धतीही जुन्या सामानाच्या पुनर्वापराला गुण देतात. दुरुस्ती करताना एक पथ्य पाळावे : चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती कोंडून ठेवते, आणि मग आतली वीट फुगून पोपडे धरू लागतात.

आणखी एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीने सांगणे अवश्य आहे. प्रमाणपत्र मिळविण्यास शुल्क, चाचण्या आणि कागदपत्रे लागतात. मोठ्या कारखान्याला ते परवडते. जवळचा चुनेवाला, राखेच्या विटा पाडणारा लहान उद्योजक किंवा देशी फरशी घडविणारा कारागीर यांना ते परवडत नाही. म्हणून शिक्का असणे हा एक पुरावा आहे, पण शिक्का नसणे हा दोषाचा पुरावा नव्हे. जेथे डोळ्यांनी पाहता येते, तेथे पाहून घ्यावे. जेथे डोळे पोहोचत नाहीत, जसे रंगातील शिसे किंवा डिंकातील वायू, तेथे मात्र शिक्क्याचाच आधार घ्यावा.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

हे प्रश्न वेगळ्या कागदावर उतरून पिशवीत ठेवण्याजोगे आहेत.

१. ही खूण वस्तूची आहे, की कारखान्याची, की इमारतीची?

२. ती कुणी दिली? विकणाऱ्यानेच स्वतःला, की तिऱ्हाइताने?

३. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत काय? क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या यादीत ताडून पाहता येतो का?

४. खूण नेमके काय सांगते? पाणी, वीज, जंगल, आतील हवा, की केवळ दर्जा?

५. हे कायद्याने सक्तीचेच आहे, की त्याहून काही अधिक?

६. दावा आकड्यांत आहे, की नुसत्या विशेषणांत?

७. माल किती दुरून आला? तसाच माल जवळ मिळतो का?

८. दहा वर्षांनी तो दुरुस्त होईल, की फेकावा लागेल?

यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे खिशातच ठेवावेत आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.

घरच्या घरी अभ्यास

महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या सुट्टीत एक काम करावे अशी आमची सूचना आहे. आपल्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ मोजावे, वरील रीतीने पाण्याचा हिशेब करावा, आणि घरातील पंखे, दिवे, रंगाचे डबे व तक्ते यांवरील खुणांची एक यादी करून प्रत्येकीपुढे ती वरील तीन जातींपैकी कोणत्या जातीची हे लिहावे. धाकट्यांनी मोजावे, थोरांनी तपासावे. दहा घरांच्या अशा याद्या जमल्या तर आपल्या न्यासाच्या पुढील प्रत्येक बांधकामाला आणि सभासदांच्या घरांना उपयोगी पडेल अशी वही आपोआप तयार होईल.

तात्पर्य, हिरवी खूण म्हणजे घराला मिळालेला आशीर्वाद नव्हे, ती एक साक्ष आहे. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही न्यायाधीश निकाल देत नाही. आपल्या घराच्या बाबतीत न्यायाधीशाचे आसन आपलेच आहे. तेथे बसून पोते, डबा आणि तक्ता उलटून बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये, एवढीच सर्व सभासदांस आमची विनंती.